टेबलावरची तालीम

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. शाळेच्या प्रयोगशाळेत आठ दिवस बिनचूक चालणारी प्रतिकृती तालुक्याच्या ठिकाणी मांडली की रुसून बसते. तपासून पाहावे तर तिच्यात काहीच बिघडलेले नसते. शाळेत टेबलाला लागूनच विजेचा प्लग होता, इथे तो वीस फुटांवर असतो. शाळेत पाण्याची बादली हाताशी होती, इथे नळच नसतो. प्रतिकृती आपण पुन्हा पुन्हा चालवून पाहिलेली असते. पण शाळेची खोली आपल्याला काय काय फुकट पुरवत होती, याची नोंद कोणीच केलेली नसते.

संगणकाच्या इतिहासातही हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडत आली आहे. आज्ञावली एका ठिकाणी लिहायची आणि चालवायची मात्र दुसऱ्याच यंत्रावर, ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. आज ते दुसरे यंत्र म्हणजे ‘क्लाउड’, म्हणजे दूर कोठेतरी उभ्या असलेल्या, भाड्याने मिळणाऱ्या संगणकांचा समूह. त्या समूहावर चालणाऱ्या अनेक विभागांच्या आज्ञावलीची तालीम आपल्या टेबलावरील एकाच संगणकात कशी करतात, आणि ती तालीम कोठे फसवते, हे या लेखात पाहू.

यंत्र एक, रांगेत अनेक

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली चालवली. कागदी फितीवर भोके पाडून आज्ञावली तयार करायची आणि आपली पाळी आली की ती यंत्राला द्यायची, अशी तेथील पद्धत होती. एडसॅकचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनी पुढे आठवण सांगितली आहे, की आपल्या उर्वरित आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच आज्ञावलीतील चुका शोधण्यात जाणार, हे त्या पहिल्या काही आठवड्यांतच त्यांच्या ध्यानात आले.

या अनुभवातून केंब्रिजच्या मंडळींनी दोन उपाय काढले. पहिला उपाय तुकडे पाडण्याचा. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी नेहमीची कामे स्वतंत्र फितींवर लिहून, पारखून ठेवायची आणि हवी तेव्हा मोठ्या आज्ञावलीत जोडायची. अशा उप-आज्ञावलींचा संग्रहच त्यांनी केला. मुख्य आज्ञावलीतून तुकड्याकडे जाऊन पुन्हा नेमक्या जागी परत कसे यायचे, याची युक्ती डेव्हिड व्हीलर यांनी बसवली. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांचे या विषयावरील पुस्तक १९५१ मध्ये निघाले.

दुसरा उपाय गिल यांचा. आज्ञावली थेट यंत्राच्या हवाली न करता, दुसरी एक आज्ञावली तिच्यातील एकेक सूचना वाचते, ती पार पाडते आणि काय केले ते छापते. वेग अर्थातच मंदावतो, पण चूक कोणत्या पायरीवर झाली ते दिसते. यंत्राच्या आत त्याच यंत्राची नक्कल चालवण्याचा हा एक पहिलावहिला नमुना होता.

ज्यांच्याजवळ यंत्रच नव्हते, ते तालीम कागदावर करीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि देशातील इतर अनेक संस्थांचे संशोधकही तो वापरू लागले. कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची, असा तो काळ. एक स्वल्पविराम चुकला तरी गठ्ठा परत येई. म्हणून आधी पेन्सिल घेऊन, स्वतःच संगणक होऊन, आज्ञावली ओळीओळीने तपासावी लागे. या कागदी तालमीत एक उणीव होती. लिहिणारा आणि तपासणारा एकच असल्याने आपल्या मनातील गैरसमज कागदावरही जसाच्या तसा उतरत असे.

न पाहिलेल्या यंत्राची नक्कल

या उणिवेचे आणि तिच्यावर केलेल्या मातीचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९७५ मधील आहे. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या त्या वर्षीच्या जानेवारीच्या अंकावर अल्टेअर ८८०० या छोट्या, स्वस्त संगणकाचे चित्र होते. ते पाहून पॉल अ‍ॅलन आणि बिल गेट्स या दोन तरुणांनी अल्टेअरच्या निर्मात्यांना कळवले, की या यंत्रासाठी बेसिक ही भाषा आमच्याजवळ आहे. प्रत्यक्षात त्यांनी एक ओळही लिहिलेली नव्हती आणि अल्टेअर डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

हार्वर्ड विद्यापीठात पीडीपी-१० हा बराच मोठा संगणक होता. अल्टेअरमध्ये इंटेलचा ८०८० हा सूक्ष्मप्रक्रियक होता आणि त्याची माहितीपुस्तिका उपलब्ध होती. अ‍ॅलन यांनी ती पुस्तिका समोर ठेवून पीडीपी-१० वर एक आज्ञावली लिहिली. ती मोठ्या संगणकाला ८०८० चे सोंग घ्यायला लावी. या सोंगावर दोघांनी, आणि अपूर्णांकांचे गणित लिहिणाऱ्या मॉन्टी डेव्हिडॉफ यांनी, बेसिक तयार केले आणि चालवून पाहिले.

यातील धोका लक्षात घ्या. पुस्तिकेतील एका सूचनेचा अर्थ चुकीचा लावला गेला असता, तर तीच चूक नकलेत उतरली असती आणि बेसिक लिहितानाही तीच गृहीत धरली गेली असती. नकलेवर सारे सुरळीत चालले असते, आणि खऱ्या यंत्रावर पहिल्याच क्षणी कोसळले असते. पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच, अशातला तो प्रकार.

मार्च १९७५ मध्ये अ‍ॅलन बेसिकची फीत घेऊन विमानाने अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरण्याच्या बेतात असताना त्यांना आठवले, की फितीवरची आज्ञावली वाचून यंत्राच्या स्मृतीत भरणारी छोटी आज्ञावली आपण लिहिलेलीच नाही. हार्वर्डला तिची गरजच पडली नव्हती, कारण ते काम मोठा संगणक परस्पर करीत होता. अ‍ॅलन यांनी ती विमानातच कागदावर लिहून काढली. दुसऱ्या दिवशी अल्टेअरमध्ये फीत भरली, ‘दोन अधिक दोन छाप’ अशी आज्ञा दिली आणि यंत्राने ४ हा आकडा छापला.

ही गोष्ट जिद्दीची किंवा नशिबाची म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. नकलेवर जे तपासले ते सारे बरोबर निघाले. राहिले ते एवढेच, जे नक्कल फुकट पुरवत होती.

क्लाउडपर्यंतचा रस्ता

एक मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, या कल्पनेचे पहिले प्रात्यक्षिक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून दाखवले. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी, संगणनही टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असा विचार मांडला. तो व्यवहारात उतरायला पुढे ४५ वर्षे लागली. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००६ मध्ये माहिती साठवण्याची जागा आणि गणनशक्ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. एप्रिल २००८ मध्ये गूगलने ‘अ‍ॅप इंजिन’ ही सेवा आणली. येथे यंत्रांची चिंताही करायची नव्हती. आपण आज्ञावली पाठवायची. ती कोणत्या यंत्रावर आणि किती यंत्रांवर चालवायची, ते कंपनी पाहील.

आज्ञावलीचे विभाग पाडण्याचा विचारही मधल्या काळात पुढे गेला होता. विभाग कसे पाडावेत याबद्दल डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये एक महत्त्वाचा निबंध लिहिला. कामाच्या पायऱ्यांनुसार तुकडे करू नका. जी गोष्ट उद्या बदलण्याचा संभव आहे ती एका विभागात झाकून ठेवा, म्हणजे बदल झाला तरी इतरांना त्याची झळ लागणार नाही, असे त्यांचे सांगणे होते. अशा स्वतंत्र विभागाला मॉड्यूल म्हणतात. अ‍ॅप इंजिनवर एका आज्ञावलीची अनेक मॉड्यूल स्वतंत्रपणे चालवण्याची सोय २०१३ मध्ये झाली. पुढे त्यांनाच ‘सर्व्हिस’ हे नाव मिळाले.

समजा, आपण जिल्ह्यातील शाळांसाठी निकालाची आज्ञावली लिहीत आहोत. पहिले मॉड्यूल शिक्षकांकडून गुण घेते. दुसरे मागच्या मागे बेरजा करून निकालपत्रे तयार करते. तिसरे पालकांना निकाल दाखवते. निकालाच्या दिवशी तिसऱ्यावर गर्दी उसळेल, तेव्हा तेवढेच मॉड्यूल जास्त यंत्रांवर चालवता येईल. विभागणीचा हा मोठाच फायदा.

घरातील क्लाउड

आता ही आज्ञावली क्लाउडवर पाठवण्यापूर्वी घरच्या संगणकावर चालवून पाहायची आहे. त्यासाठी गूगलने ‘डेव्ह अ‍ॅपसर्व्हर’ नावाचे साधन दिले होते. अ‍ॅलन यांच्या नकलेचा हा पुढचा अवतार म्हणता येईल. प्रत्येक मॉड्यूलची एक छोटी माहितीफाइल असे. या साऱ्या फाइलींची नावे एकाच आज्ञेत दिली, की सर्व मॉड्यूल एकदम सुरू होत.

पण संगणक एक आणि मॉड्यूल तीन, तर पत्र कोणाचे ते कसे ओळखायचे? प्रत्येक संगणकाला स्वतःशीच बोलण्यासाठी १२७.०.०.१ हा पत्ता असतो. या पत्त्यावर पाठवलेला निरोप घराबाहेर जातच नाही, आपल्याच दारात परत येतो. त्या पत्त्यावर ० ते ६५,५३५ अशा क्रमांकांच्या खिडक्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. टपाल कार्यालय एकच, पण तिकिटांची खिडकी वेगळी आणि मनिऑर्डरची वेगळी, तसेच हे. या साधनात पहिल्या मॉड्यूलला सहसा ८०८० ही खिडकी मिळे, दुसऱ्याला ८०८१, तिसऱ्याला ८०८२. देखरेखीसाठी ८००० क्रमांकाची खिडकी वेगळी होती.

येथेच पहिला खड्डा होता. क्लाउडमध्ये मॉड्यूलला स्वतःच्या नावाचा पत्ता असतो. घरी त्याला केवळ खिडकीचा क्रमांक असतो. ‘बेरजेचे काम ८०८१ कडे पाठव’ असे आज्ञावलीत कायमचे लिहून ठेवले, तर घरी ते सुरेख चालते आणि क्लाउडवर गेल्यावर निरोप पोहोचतच नाही. इतकेच काय, फाइलींचा क्रम बदलला तर घरीसुद्धा निरोप भलत्याच खिडकीवर जातो. यासाठी ‘अमुक मॉड्यूलचा सध्याचा पत्ता काय?’ असे व्यवस्थेलाच विचारण्याची सोय दिलेली होती. पत्ता पाठ करायचा नाही, दर वेळी विचारायचा, हा तो धडा.

दुसरा खड्डा साधनाच्या जुन्या आवृत्तीत होता. ती एका वेळी एकच विनंती हाताळी. समजा पहिल्या मॉड्यूलने दुसऱ्याला काम सांगितले आणि उत्तराची वाट पाहत ते थांबले. पहिले काम संपल्याशिवाय साधन दुसरे काम हातात घेणार नाही, आणि दुसरे झाल्याशिवाय पहिले संपणार नाही. सारे जागच्या जागी ठप्प. क्लाउडमध्ये अनेक यंत्रे असल्याने तेथे ही अडचण नव्हती. ती केवळ नकलेची होती. मॉड्यूलच्या सोयीबरोबरच अनेक विनंत्या एकाच वेळी हाताळणारी नवी आवृत्ती प्रचारात आली.

तालमीची मेहेरबानी

नक्कल खऱ्यापेक्षा वाईट असली तर निदान ते लगेच कळते. ती खऱ्यापेक्षा चांगली असली, की खरा धोका. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील पीटर डॉइच यांनी, अनेक संगणकांवर पसरलेल्या आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या गैरसमजांची एक यादी केली. जाळे कधी तुटत नाही, निरोप पोहोचायला वेळ लागत नाही, एका वेळी हवी तेवढी माहिती पाठवता येते, ही त्यांतील काही गृहीतके. गंमत अशी, की घरच्या एकट्या संगणकावर यांतील बहुतेक गोष्टी खऱ्याच असतात! म्हणजे जे गैरसमज सोडायचे, तेच तालमीत रोज खरे ठरून पक्के होत जातात.

आकडे पाहू. स्मृतीतील एखादी गोष्ट वाचायला संगणकाला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. एकाच केंद्रातील दोन संगणकांत निरोप जाऊन उत्तर यायला ढोबळमानाने अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे पाच हजार पट वेळ. अंतर वाढले तर प्रकाशाचा वेगच आडवा येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर धरले, तर जाऊन येण्यास किमान १२५ मिलिसेकंद हवेतच. एकामागून एक दहा निरोप पाठवणारी आज्ञावली सव्वा सेकंद नुसती वाट पाहण्यात घालवील. टेबलावरच्या तालमीत यातला एक क्षणही जाणवत नाही.

माहितीच्या कोठारात तर याहून सूक्ष्म प्रश्न होता. अ‍ॅप इंजिनच्या कोठारात काही प्रकारचे शोध घेण्यासाठी आधी सूची करून ठेवावी लागे. घरचे साधन मोठे मदतशील. तालमीत एखादा शोध घेतला, की त्यासाठी लागणाऱ्या सूचीची नोंद ते आपणहून फाइलीत करी. पण जो शोध तालमीत घेतलाच नाही, त्याची नोंद कोठून होणार? निकालाच्या दिवशी एखाद्या पालकाने नेमका तोच शोध घेतला, तर क्लाउडकडून उत्तराऐवजी त्रुटीचा संदेश येई.

२०११ मध्ये अ‍ॅप इंजिनला एक नवे कोठार मिळाले. त्यात माहितीच्या प्रती अनेक केंद्रांत ठेवल्या जात, त्यामुळे एक केंद्र बंद पडले तरी माहिती सुरक्षित राही. याची किंमत अशी, की आत्ताच लिहिलेली नोंद काही शोधांत थोडा वेळ दिसत नसे. आता आपल्या शिक्षिकाबाईंची कल्पना करा. त्यांनी गुण भरले, यादी उघडली, आणि यादीत गुण नाहीत. त्यांनी ते पुन्हा भरले. काही वेळाने दोन्ही नोंदी प्रकट झाल्या आणि बेरजेच्या मॉड्यूलने दोन्ही धरल्या. एका मुलाचा निकाल चुकला. यात शिक्षिकाबाईंचा दोष नाही, आणि यंत्रात बिघाडही नाही. चूक तालमीची, कारण एकाच तबकडीवर लिहिणाऱ्या घरच्या संगणकावर लिहिलेले सहसा लगेचच दिसते. (त्या कंपनीच्या नंतरच्या कोठारात ही अडचण राहिली नाही.)

मुद्दाम घडवलेली चूक

यावरचा उपाय मोठा बोधप्रद आहे. गूगलने घरच्या नकलेतच दोष घालण्याची सोय केली. नवी नोंद किती वेळा लगेच दिसावी, याची संभाव्यता चाचणी घेणाऱ्याने ठरवायची. ती शून्य ठेवली, तर नोंद अशा शोधात लगेच दिसणारच नाही. मग आपली आज्ञावली काय करते ते पाहायचे. नक्कल जाणूनबुजून वाईट केली, आणि त्यामुळेच ती खऱ्याच्या जवळ आली.

नेटफ्लिक्स कंपनीने याच विचाराचे पुढचे टोक गाठले. ‘केऑस मंकी’ हे तिचे साधन २०१० मध्ये जगापुढे आले. क्लाउडमधील चालू यंत्रांपैकी एखादे ते वाटेल तेव्हा बंद पाडते. मात्र कामाच्या वेळेत, अभियंते हजर असताना. त्यामागील विचार असा, की यंत्रे कधी ना कधी बंद पडणारच. मग ती आपण जागे असतानाच पडलेली बरी.

२०१३ मध्ये डॉकर हे साधन आले आणि तालमीची रीत बदलली. आज्ञावली आणि तिला लागणारे सारे सामान एका डब्यात बंद करायचे; तोच डबा घरी उघडायचा आणि तोच क्लाउडमध्ये. अ‍ॅप इंजिनच्या पुढच्या पिढीसाठीही सारे काही सोंगात घेणाऱ्या एका साधनाऐवजी नेहमीच्या साधनांनी आज्ञावली चालवण्याची पद्धत रूढ झाली. अल्बुकर्कीच्या विमानात आठवलेली चूक अशा डब्यामुळे बरीचशी टळते. पण डब्यात सामान भरता येते, अंतर भरता येत नाही. निरोपाला होणारा उशीर, वाटेत हरवणारा निरोप आणि निकालाच्या दिवसाची गर्दी यांची तालीम आजही वेगळीच करावी लागते.

वर्गात करून पाहा

हे सारे संगणकाशिवायही शिकवता येते. मुलांचे तीन गट करावेत. पहिला गुण सांगतो, दुसरा बेरीज करतो, तिसरा निकाल लिहितो. पहिल्या फेरीत तिन्ही गट एकाच टेबलाभोवती बसवावेत. काम झटपट आणि बिनचूक होईल. दुसऱ्या फेरीत गट तीन खोल्यांत बसवून चिठ्ठ्यांनीच व्यवहार करावा. चिठ्ठ्या नेणाऱ्या मुलाला मात्र हळूच सांगून ठेवावे, की एक चिठ्ठी खिशातच ठेव आणि दुसऱ्या एकीची नक्कल करून ती दोनदा दे.

निकाल चुकेल. मुले आधी चिठ्ठीवाल्याला दोष देतील. मग त्यांना विचारावे, की चिठ्ठीवाला असाच राहणार असेल तर तुम्ही काय कराल? कोणी म्हणेल, चिठ्ठीवर क्रमांक घालू. कोणी म्हणेल, पोच मागू. कोणी म्हणेल, त्याच क्रमांकाची चिठ्ठी पुन्हा आली तर धरायची नाही. दूरच्या संगणकांचे व्यवहार याच तीन गोष्टींवर चालतात. मुलांना त्या सुचतील, पण दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत त्यांची गरजच भासत नाही.

पुढच्या वर्षी प्रदर्शनाची तयारी करताना प्रतिकृतीबरोबर एक कोरा कागदही घ्यावा आणि त्यावर एकाच प्रश्नाची उत्तरे मुलांकडून लिहून घ्यावीत: ही खोली आपल्याला काय काय फुकट देते आहे? मग त्यांतील एकेक गोष्ट काढून घेऊन प्रयोग पुन्हा करावा. विजेची लांब वायर बरोबर न्यायची आठवण तेव्हाच होईल.